लोसेली आत्याने झाकलेली भिंत

आम्हा टोंगन लोकांत वडिलांची बहीण म्हणेल ती पूर्व दिशा. माझी लोसेली आत्या हा मान पुरेपूर वसूल करते. तिच्यापुढे तोंड उघडायची माझी कधी छाती झाली नव्हती.

आत्या ऑकलंडच्या दक्षिणेला सरकारी घरात राहते. तिथल्या मागच्या खोलीची भिंत कायम ओली असते आणि काळी बुरशी पार छतापर्यंत चढलेली. दर शनिवारी आत्या ब्लीच घेऊन भिंत घासायची. दोनदा रंगही दिला. ओल्या भिंतीवर रंग कसला टिकतोय! त्याचे पापुद्रे सुटून अंथरुणावर पडायचे आणि त्या अंथरुणात तिची सहा वर्षांची नात वाइओला झोपायची.

इस्टरला पाद्री घरी येणार म्हणून आत्याने त्या भिंतीवर तापा टांगला. झाडाची साल कुटून तिने आणि तिच्या आईने वावाउ बेटावर केलेलं हे कापड तिने स्वतःच्या शवपेटीखाली अंथरायला राखलं होतं. पाद्री गेले, तापा तिथेच राहिला. डाग दिसेनासे झाले तशी आत्याची घासाघीसही थांबली.

त्यानंतर वाइओलाला दम्याने दोनदा इस्पितळात न्यावं लागलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच सरकारी घरखात्याला चिठ्ठी लिहिली आणि घर तपासायला माणूस येणार असं ठरलं. त्याने ओल नोंदवली तर पोरीला कोरडं घर मिळणार, नाहीतर हीच खोली.

गुरुवारी सकाळी मी पोचले तर तापा जागच्या जागी.

“आत्या, तो भिंतच बघायला येतोय.”

“पाहुणा येतोय. पाहुण्याला काय घाण दाखवायची? तू रताळी सोल.”

मी सोलली.

डंकन नावाचा तो माणूस बूट दाराबाहेर काढून आत आला. भला माणूस, तीच पंचाईत. त्याने आत्याच्या हातचं पोटभर खाल्लं, मागच्या खोलीत तीन भिंतींना ओल मोजायचं यंत्र लावलं आणि तापासमोर हात मागे बांधून उभा राहिला.

“फार सुंदर. याला हात नाही लावत. मागे ओल वगैरे?”

“छे, काही नाही,” आत्या म्हणाली.

अंथरुणात वाइओला खोकत होती. त्याने कागदावर खूण केली आणि सहीसाठी पेन टेकवलं.

“आत्या खोटं बोलतेय,” मी म्हणाले.

आत्याने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. तरी मी तापाची कड धरली.

“हात काढ.”

मी काढला. वाइओलाला पुन्हा उबळ आली, या वेळी थांबेचना. आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग स्वतः खुर्चीवर चढली आणि एकेक खुंटीवरून तापा सोडवू लागली. तो भिंतीला चिकटला होता. ओढला तसे रंगाचे पापुद्रे घेऊनच खाली आला.

त्याची पाठ भिंतीइतकीच काळी झाली होती. साल धुता येत नाही. आत्याने त्यावरून एकदा हात फिरवला आणि बोटं झग्याला पुसली.

“लिहा,” ती डंकनला म्हणाली.

तो लिहीत असताना ती खुर्चीवरून उतरली आणि वाइओलाची पाठ चोळत बसली. मला वाटलं, आता आपली धडगत नाही.

“इस्टरला या खुंट्या तूच ठोकल्या होत्यास ना?” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “मग तेव्हाच का नाही बोललीस?”