रेषेखालचा ठिपका

नांदे गावच्या टॅक्सी कचेरीत हिशेब पाहणाऱ्या वैभवीच्या शब्दाला एरवी वजन होते. परंतु तिथला ड्रायव्हर बिरदेव, म्हणजे तात्या, तिचा सख्खा चुलता, आणि त्या सोमवारी नेमके तेच आडवे आले.

"बाकीच्या गाड्या लिटरला अठराचं ॲव्हरेज देतात, तुझ्या तात्यांची पंधरा," मालकीण हेमलताबाई म्हणाल्या. "डिझेल काय हवेत उडतं? शनिवारी मी किल्ली काढून घेणार."

चोर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, गरजही नव्हती.

वैभवीने संख्याशास्त्राची पदवी घेतली होती. उत्तर तात्याच्या विरुद्ध गेले, तरी ते ती दडवणार नव्हती. तिने प्रथम प्रवाशांची संख्या आणि ॲव्हरेज यांचा आलेख काढला. ठिपके शेंगदाणे सांडावेत तसे पसरले. सहसंबंध नावालाही नव्हता. गाडीच्या वयाशी मेळ घातला, तेव्हा रेषा बरी जमली. तात्याचा ठिपका मात्र तिच्या खाली, दूर एकटा पडला.

"तो एक पुसून टाक ना, रेषा देखणी होईल," हेमलताबाई म्हणाल्या.

"तो पुसला तर प्रश्नच पुसला जाईल, मॅडम."

गाड्यांत बसवलेल्या यंत्रावरून तिने आणखी एक गोष्ट काढली : इंजिन चालू ठेवून गाडी उभी किती वेळ असते. या वेळी तात्याला वगळून उरलेल्या ठिपक्यांच्या सर्वांत जवळून जाणारी रेषा आखली, आणि ती पुढे वाढवली. उतरत उतरत रेषा थेट तात्याच्या ठिपक्यापाशी पोहोचली. म्हणजे डिझेल चोरीला जात नव्हते, उभ्या गाडीत जळत होते.

संध्याकाळी माले गावी तिने त्याला अंगणातच गाठले.

"तात्या, गाडी चालू ठिवून एवढं कुटं थांबता?"

"मेंढरं आडवी येत्यात की. दिवाळीपासनं कळप कोकणात उतरत्यात. मधी गाडी घालू व्हय? कोकरू आयेपासनं तुटतं."

"मग इंजिन बंद करा!"

"आन् परत चालू कराया सेल मारला की मेंढरं बुजत्यात. घुरघुर चालती त्यास्नी, दणका न्हाई. धनगराच्या पोटी जल्मलोय, मला शिकिवती!"

"कळप वळणापल्याड गेला की मारा सेल. तवर एसी न्हाई, काचा खाली."

"हिंजवडीच्या कंपनीची पोरं उकडतंय म्हनून वरडतील."

"वरडू द्या. किल्ली गेली तर कुनाची पोरं न्हेनार?"

तात्याने खिशातली किल्ली चाचपून पाहिली.

सकाळी वैभवीने कचेरीतल्या फळ्यावर लिहिले : उभे असताना इंजिन बंद ठेवले, तर तात्याचे ॲव्हरेज साडेसतरा. "तात्यांपर्यंतची रेषा मी ठिपके नसलेल्या जागी ओढली आहे," ती म्हणाली, "म्हणून तिच्यावर विसंबू नका. टाकी तुमच्यासमोर भरा. शनिवारी पुन्हा भरून बघा. आकडा याच्या जवळपास आला नाही, तर मी मधे पडणार नाही."

शनिवारी पंपावर हेमलताबाईंनी स्वतः हिशेब केला. सतरा आणि थोडे.

"बाकीचा कुटं गेला मग?" तात्याने पुतणीकडे संशयाने पाहिले. "तुजी रेघ खोटी हाय का?"

"रेषा ठिपक्यांच्या जवळून जाते, तात्या. सगळ्यांच्या अंगावरून न्हाई."

हेमलताबाईंनी टाकी उघडायला घेतलेली किल्ली त्याच्या तळहातावर परत ठेवली. "बाकीच्या ड्रायव्हरांनाही सांगा, उभ्या गाडीत इंजिन बंद."

"सांगतो," तात्या म्हणाला, "पर मेंढरांचं आदी सांगीन."