तोंडावर बोलणाऱ्यांचं गाव

माझ्या नाटकांतली माणसं एकमेकांकडे पाठ करून कधीच बोलत नाहीत. एका समीक्षकांनी याला 'लेखिकेची खास शैली' म्हटलं, तेव्हा मला हसू आवरेना. शैली कसली डोंबलाची! आमच्या घरात पाठ करून बोललेलं वाक्य फुकट जायचं, एवढंच. माझ्या बाबांना जवळजवळ ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ दिसले तरच त्यांना बोलणं कळतं, आणि त्यांचे कान घेतले ते कापड विणणाऱ्या लूमच्या आवाजाने.

आम्ही मूळचे भिवंडीजवळच्या वडप्याचे, शेतीवाले. बाबांनी तरुणपणी भिवंडीत येऊन लूमचा कारखाना टाकला. कारखाना म्हणजे पत्र्याखालचा लांबलचक हॉल, आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून आमचं घर. शिफ्ट चालू असली की आत कानाशी ओरडलं तरी काही ऐकू यायचं नाही, म्हणून तिथे सगळे ओठांनी आणि हातांनी बोलायचे. कामगारांत कुणी उत्तर प्रदेशातला, कुणी तेलंगणातला, कुणी इथल्याच पाड्यावरचा. प्रत्येकाची भाषा वेगळी होती, पण 'धागा तुटला', 'चहा आला', 'तब्येत बरी नाही' हे सगळ्यांना सगळ्यांचं कळायचं. बाबा मालक असूनही दिवसभर त्यांच्यातच उभे असायचे.

दुपारी आई मला त्यांना जेवायला बोलवायला पाठवायची आणि मी दारातच बघत राहायचे. एकदा दोन कामगारांचं जोरात जुंपलं होतं. एकाने बोट रोखलं, दुसऱ्याने छातीवर हात ठेवला, पहिल्याने मान फिरवली, दुसऱ्याचा चेहरा पडला. आवाज नव्हताच, म्हणून संवाद मी मनातच भरत गेले. चहाच्या वेळेला कळलं की भांडण लोणच्यावरून होतं, एकाने दुसऱ्याच्या बरणीत हात घातला होता. माझ्या मनातल्या भांडणात तोवर एका बहिणीचं लग्न मोडलं होतं. मी ते माझं पहिलं नाटक समजते.

भिवंडी म्हटलं की बाहेरचे लोक खड्डे, धूळ आणि गोदामं यांच्यापलीकडे जात नाहीत. नाटकवाल्यांच्या बैठकीत तर एकाने मला विचारलं होतं, "तिकडे कोण नाटक लिहितं?" मी म्हटलं, "मी लिहिते, आणि तुमच्यापेक्षा बरं लिहिते." आगाऊपणा होता, पण मला त्याचा पश्चात्ताप नाही. त्यांच्या नाटकात माणूस खिडकीबाहेर बघत आठ-आठ ओळी बोलतो. आमच्याकडे कुणी असं केलं तर घरचे विचारतील, "तिकडं कोन हाय?" आमचं वाक्य लहान असतं, अर्धं मराठी अर्धं हिंदी असतं, आणि ते समोरच्याच्या तोंडावर बोललं जातं. मला हे कुठल्याही शिबिराने शिकवलं नाही. गावाने शिकवलं.

काही वर्षांपूर्वी लूम परवडेनासे झाले. आमच्या आजूबाजूचे कारखाने एकेक करून बंद पडले, तसा आमचाही पडला. भंगारवाले आले आणि त्यांनी घणाने लूम फोडून टेम्पोत भरले. बाबा शेवटच्या तुकड्यापर्यंत तिथे उभे होते. पुढे एका लग्नात आमच्याच एका नातेवाइकाने त्यांना ऐकवलं, "आमी जागा गोदामाला दिली, सुखान हाय. तू लूम धरून बसलास, पोराबालांचं नुकसान केलंस." त्या माणसाने हे नीट समोर उभं राहून, ओठ मोठे करून सांगितलं, त्यामुळे बाबांना एकूण एक शब्द कळला. मला त्याचा आजही राग येतो.

त्यानंतर बाबा लोकांच्या तोंडाकडे बघेनासे झाले. ओटीवर बसायचे ते रस्त्याकडे बघत. आई समोर जाऊन उभी राहिली तर ते डोळे खाली घालायचे. चूक आपली होती हे त्यांनी मनात पक्कं करून टाकलं होतं. मला त्यांना एकच वाक्य सांगायचं होतं, पण जो आपल्याकडे बघतच नाही त्याला काय सांगणार? मी दोन-तीनदा त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि पाण्याचा तांब्या ठेवून परत आले.

मग मला जमतं तेच मी केलं, एकांकिका लिहिली. लूम विकलेला बाप आणि त्याची मुलगी, एवढीच दोन माणसं. शेवटी मुलगी त्याला सांगते, "बाबा, लूम गेले ती तुझी चूक न्हाय." नाटक बघताना तरी माझे बाबा नजर उचलून बघतील असा माझा हिशेब होता.

ती आम्ही ठाण्याच्या एका स्पर्धेत उतरवली. आमचा दिग्दर्शक तरुण आणि हुशार. त्याने ठरवलं की मुलीने हे वाक्य प्रेक्षकांकडे पाठ करून, मागच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणायचं. मी चार दिवस त्याच्याशी भांडले. तालमीत सगळे म्हणत होते की फार सुंदर दिसतं, आणि ते खरंच सुंदर दिसत होतं, म्हणून माझ्या अंगाचा जास्तच तिळपापड झाला. 'माझ्या बाबांना कळणार नाही' असं एकदा सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं. पण लेखिका म्हणून मिरवणाऱ्या बाईला घरचं कारण पुढे करायची लाज वाटली, आणि मी मूग गिळून बसले.

प्रयोगाला बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. सोबत आई आणि आमच्या कारखान्यातले तीन जुने कामगार. मी बाबांच्या शेजारीच बसले होते. पडदा वर गेला आणि त्यांनी मान उचलली ती खाली घातलीच नाही. किती महिन्यांनी ते माणसांच्या ओठांकडे बघत होते! शेवट आला. मुलीचं काम करणारी नटी ठरल्याप्रमाणे वळली, पाठमोरी झाली आणि वाक्य बोलली.

"काय बोलली ती?" बाबांनी विचारलं.

बाबांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसतो. प्रश्न पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला. काही लोक हसले. नटी थबकली. ती भिवंडीचीच, तिची आई लूमवर सुताच्या कांड्या भरायची. अशा प्रश्नाला उत्तर न देणं तिला जमण्यासारखं नव्हतं. ती सरळ वळली, रंगमंचाच्या कडेपर्यंत आली आणि बाबांकडे बघत, ओठ मोठे करून तिने वाक्य पुन्हा म्हटलं. विंगेत दिग्दर्शकाने कपाळावर हात मारलेला मला दिसला.

बाबा माझ्याकडे वळले. "ह्या बोलनं तिचं हाय का तुझं?"

"माझं," मी म्हटलं.

"मंग घरान का न्हाय बोललीस?"

सगळ्या सभागृहाने ते ऐकलं. तोंडावर बोलणाऱ्या गावाची म्हणून मी जगभर फुशारकी मारते, आणि बापाला सांगायची एक गोष्ट मी परक्या पोरीकडून सांगवली होती. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

परीक्षकांनी शिस्त मोडल्याबद्दल गुण कापले आणि आम्हाला काही मिळालं नाही. निकालानंतर बाहेरच्या व्हरांड्यात बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बोल आता," ते म्हणाले, आणि माझ्या ओठांकडे बघू लागले. मी बोलले. माझा आवाज पार फुटला, पण तो त्यांना तसाही ऐकू येणार नव्हता. ओठ मात्र मी सरळ ठेवले. ते म्हणाले, "परत." मी परत बोलले. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी नटीला शोधायला वळले. तिचं भरपूर कौतुक करायचं होतं, स्पर्धा गेली खड्ड्यात. गर्दीतून मागे पाहिलं तर व्हरांड्याच्या त्या टोकाला बाबा त्यांच्या सगळ्यात जुन्या कामगारासमोर उभे होते. दोघं सवयीने बिनआवाजाचंच बोलत होते, मध्ये एकही लूम नसताना. बाबांचा चेहरा माझ्याकडे होता, ओठ मला स्वच्छ दिसत होते.

"मेरी लडकी बोलती है," ते त्याला सांगत होते, "मेरी गलती नहीं थी."