पेणकरपाड्याचा अजिंक्यवीर

चाळिशीकडे निघालेली तीन माणसं दर रविवारी गेमच्या डब्यापुढे बसायला लागली, की किस्से आपोआप साठतात. आमचा डबा म्हणजे प्लेस्टेशन टू. शेखर कदम, त्याच्या समोरच्या ब्लॉकमधला जिग्नेश आणि मी, तिघांनी मिळून घेतलेला. मुक्काम पेणकरपाड्याला, शेखरच्या हॉलमध्ये. थ्री बाजारात आला आणि आमच्यात फूट पडली.

*

जिग्नेशला थ्री हवाच होता. मॉलमध्ये डेमो बघून आला आणि म्हणाला, "अरे, प्लेयरचा घाम पण दिसतोय त्याच्यात!"

शेखर म्हणाला, "घाम बघायचाय? सकाळी टँकर आला की खाली ये. बादल्या घेऊन चार जिने चढतोय, माझा बघ."

*

मग तिघं दुकानात गेलो. सेल्समनने बराच वेळ प्रोसेसर समजावला. जिग्नेशने मान डोलावली आणि मुद्द्याचं विचारलं, "भैया, इसमें कॉपीवाली सीडी चलेगी ना?" आमच्याकडे दुसरी होतीच कुठे!

"नहीं सर, ओरिजिनल ही चलेगी."

"फिर पॉवरफुल किस बात का?"

*

शेखरचा विरोध मात्र तत्त्वाचा. "गेम हाताने खेळतात, मशीनने नाही," असं तो फुटबॉलची प्रत्येक मॅच जिंकल्यावर म्हणायचा. आणि जिंकायचा तोच. सोफ्यावर तो आपला कंट्रोलर घेऊन, खुर्चीवर आमच्यापैकी कुणीतरी दुसरा घेऊन. "बटण दाबतोय, पण किकच लागत नाही," अशी तक्रार केली की म्हणायचा, "हात जड आहे तुझा. सवय कर." मी तर ऑफिसात चोरून बोटांचे व्यायाम करायचो.

हाच शेखर ऑफिसात शिपायाला चहा सांगायला घाबरतो. रविवारी तेवढा सम्राट. नव्या मशीनवर सगळेच पहिल्यापासून शिकणार, हे त्याचं खरं दुखणं.

*

शेवटी त्यानेच अट घातली. "जुन्यावर मला एकदा हरवा, मग नवा आणू."

मॅचच्या सकाळी वैशालीवहिनींनी हॉल झाडून-पुसून लख्ख केला होता. शेखर सोफ्यावर बसला, जिग्नेश खुर्चीवर. हाफटाइमच्या आत जिग्नेशने तीन गोल मारले. शेखरचा खेळाडू गोलसमोर बॉल घेऊन नुसता उभा.

शेखर ताडकन उठला. "वैशाली, पाहुण्यांचा कंट्रोलर सोफ्यावर कुणी ठेवला? याचं किकचं बटण पहिल्यापासून अडकतंय!"

जिग्नेशने हातातला कंट्रोलर उलटसुलट करून पाहिला. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"मी नुसते पुसून ठेवले," त्या म्हणाल्या. "जिग्नेशभाई, थ्रीला दोन्ही सारखे येतात का हो?"