नेल्डा स्ट्राउडची शतावरी

नेल्डा स्ट्राउडने आठ गावांत शतावरी लावली आणि एकदाही खाल्ली नाही.

शतावरीचं, म्हणजे जिच्या कोवळ्या कोंबांची भाजी करतात तिचं, गणित साधं आहे. मुळं लावली की पहिल्या वसंतात कोंब तोडायचे नाहीत, दुसऱ्या वसंतात तोडायचे नाहीत, तिसऱ्यात तोडायचे. तिसरा वसंत यायच्या आत नेल्डाच्या नवऱ्याची नोकरी जायची. वेंडेल स्ट्राउड शाळांच्या फुटबॉल संघांचा कोच होता. पश्चिम टेक्सासातल्या गावांना शाळेत बीजगणित नीट शिकवलं नाही तरी चालतं, शुक्रवारी संध्याकाळी हरलेलं चालत नाही. मग बिऱ्हाड पाठीवर. तयार वाफा पुढच्या कोचच्या बायकोला आयता मिळायचा. एका गावाहून तर त्या बाईचा फोन आला होता, की हे अंगणात उगवलेलं तण मरत नाही, यावर काय फवारू? नेल्डाने तिला औषधाचं नाव सांगितलं. विचारलं तर सांगावं, असं तिचं वळण.

सॉरेल वेल्स हे नववं गाव. इथे वेंडेलने दोन हंगाम कसेबसे काढले होते आणि तिसरा संपत आला होता. म्हणजे येता वसंत तिसरा. नेल्डाने हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण स्वयंपाकघराच्या फळीवर कोंब तोडायची लांब पात्याची सुरी आणून ठेवली होती. पूर्वीच्या कुठल्याही घरात ती सुरी खोक्यातून बाहेरच आली नव्हती.

वाफा घराच्या पुढच्या अंगणात होता आणि तिथेच पंचाईत होती. त्या मुलुखात संघ हरला की लोक रात्री येऊन कोचच्या अंगणात ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या ठोकून जातात. घर कोचचं नसतं, शाळेचं असतं, पण अर्थ पोचतो. गेल्या वर्षी एका पाटीचा खुंट थेट मुळात घुसला. दुसऱ्या दिवशी नेल्डा वाणसामानाच्या दुकानात गेली आणि मालक हॉलिस याला म्हणाली, "पाट्या लावायच्या तर लावा, पण माझ्या वाफ्यात खुंट ठोकू नका. मी कडेने विटा लावणार आहे. विटांच्या बाहेर सगळं अंगण तुमचंच."

हॉलिस हा पाट्या लावणाऱ्यांतला पहिला. त्याने मान डोलावली. "बरोबर आहे, बाई. भाजीपाल्याने काय पाप केलंय?" तेव्हापासून पाट्या विटांच्या बाहेर लागत. गाव तसं सभ्य होतं.

वेंडेल आणि नेल्डा यांच्यात फुटबॉलचा विषय निघत नसे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यात या विषयावर तिने मिठाची गुळणी धरली होती. अपवाद एका शब्दाचा. दर शुक्रवारी दुपारी वेंडेल घरी येऊन अंड्याचं सँडविच खायचा, टोपी घालायचा आणि एक नाव सांगायचा. आज क्वार्टरबॅक कोण, म्हणजे चेंडू कुणाच्या हातून खेळवायचा, त्या पोराचं नाव. ते तिला सांगणं भाग होतं, कारण क्वार्टरबॅकच्या आईने कोचच्या बायकोशेजारी बसायचं, अशी त्या मुलुखातली रीत होती. नाव ऐकून नेल्डा "हं" म्हणायची. सव्वीस वर्षं ती "हं"च म्हणत आली होती.

या हंगामात नाव एकच होतं, टकर बेसिंगर. शेवटच्या वर्षाचा पोरगा, खांदे दाराएवढे, बोलण्यात "हो, बाई" आणि "नाही, बाई" याखेरीज फारसं काही नाही. त्याची आई जोलीन पोराचा फोटो छापलेला ताटलीएवढा बिल्ला छातीवर लावून नेल्डाशेजारी बसायची आणि पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मग ऑक्टोबरात टकरचा डावा गुडघा मुरगळला. शहरातल्या डॉक्टरांनी फोटो काढले, गुडघा हलवून पाहिला आणि सांगितलं की दुखत नसेल तर खेळू शकेल, दुखत असेल तर नाही. एवढं तर हॉलिसनेही सांगितलं असतं.

मधले दोन सामने दोन लहान पोरांना अर्धे-अर्धे वाटून कसेबसे निभावले. एक रीस होल्कोम. उंच, हात असा की चेंडू मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल, मात्र तिथे आपलं कुणी असेलच असं नाही. दुसरा आबेल सौसेदा. बुटका, पडेल तितक्या वेळा उठणारा, त्याचा चेंडू जवळच पडायचा पण आपल्याच माणसाच्या हातात. गावात तट पडले. हॉलिसच्या दुकानात तर रीसवाले आणि आबेलवाले पाव वेगवेगळ्या फळ्यांवरून उचलायला लागले.

"बाई, रीसच ना?" हॉलिस बटाटे तोलता तोलता विचारायचा.

"मला काय ठाऊक? मी बटाटे घ्यायला आलेय."

"बटाटे पाच पौंड? रीसला तळलेले बटाटे आवडतात."

"ते कुणाला आवडत नाहीत रे?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कोचच्या बायकोने रीसचं नाव फोडलं.

शेवटचा सामना हार्लन गॅपशी होता. जिंकलो तर पुढची फेरी आणि वेंडेलच्या कराराला मुदतवाढ. हरलो तर पुन्हा खोकी. शाळेच्या मंडळातल्या एकाने हे वेंडेलला रविवारी चर्चच्या दारात हस्तांदोलन करता करता सांगितलं होतं. टकर सरावाला आला होता, सरळ रेषेत छान पळत होता, दुखत नाही म्हणत होता. टकर असला तर जिंकणार, हे हार्लन गॅपवालेही मान्य करत होते.

बुधवारी संध्याकाळी बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात नेहमीप्रमाणे जेवण होतं. नेल्डा शेंगांचं भांडं घेऊन जिन्याच्या तोंडाशी आली, तर खाली टकर उतरत होता. कठडा धरून. डावा पाय खालच्या पायरीवर, मग उजवा त्याच पायरीवर. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. तिच्या घरी आजोबा शेवटी शेवटी असेच उतरायचे. चाहूल लागताच टकर वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती.

"दुखतंय का रे?"

"नाही, बाई."

टकरने वर पाहिलं. "कोचना सांगू नका, बाई. एकच सामना राहिलाय. मग आयुष्यभर दुखू दे."

"माझं आणि कोचचं फुटबॉलवर बोलणं होत नाही," नेल्डा म्हणाली.

हे शंभर टक्के खरं होतं. टकरने सुटकेचा निःश्वास टाकला आणि उरलेला जिना तिच्यासमोरच, न लपवता, आजोबांसारखा उतरला.

त्या रात्री नेल्डाने वेंडेलला वाढलं, भांडी घासली आणि ती झोपली. गुरुवारी सकाळी तिने वाफ्यातल्या पिवळ्या पडलेल्या काड्या कापल्या आणि वरून कुजलेल्या शेणखताचा जाड थर पसरला. माती इतकी मऊ झाली की बोट ठेवलं तरी खड्डा पडावा. काम दुपारीच संपलं, तरी ती अंधार पडेपर्यंत तिथेच गुडघ्यावर बसून ढेकळं फोडत राहिली. ढेकळं केव्हाच संपली होती. तिला स्वतःचा राग आला होता. सव्वीस वर्षं गप्प राहण्याचं तिला कौतुक वाटायचं, की आपण नवऱ्याच्या कामात नाक खुपसत नाही. आता कळत होतं की गप्प बसण्यात या खेपेला आपला फायदा आहे. गप्प बसलं की टकर खेळणार, संघ जिंकणार, एप्रिलात सुरी निघणार. तोंड तर तिने कधीच उघडलं नव्हतं, तेव्हा आत्ता उघडलं नाही म्हणून कोण काय म्हणणार होतं?

शुक्रवारी वेंडेलने सँडविच खाल्लं, टोपी घातली आणि दाराशी येऊन म्हणाला, "टकर."

नेल्डा "हं" म्हणाली नाही.

वेंडेल थांबला. सव्वीस वर्षांच्या सवयीने त्याचा हात दाराच्या मुठीवर गेला होता, तो तिथेच राहिला.

"तो जिना एकेक पायरी उतरतो," नेल्डा म्हणाली. "लहान पोरासारखा. दोन्ही पाय एका पायरीवर आणून."

"कधी पाहिलंस?"

"बुधवारी."

"आज शुक्रवार आहे, नेल्डा."

"मला कॅलेंडर वाचता येतं."

वेंडेलने टोपी काढली, आतली पट्टी पाहिली, परत घातली. तिने दोन दिवस का घेतले ते त्याने विचारलं नाही. खिडकीतून वाफा दिसत होता, तिकडे मात्र एकदा बघितलं.

"मग इमेल्डाला बसव शेजारी," तो म्हणाला. इमेल्डा म्हणजे आबेलची आई.

"रीस का नाही?" हा तिचा फुटबॉलविषयी आयुष्यातला पहिला प्रश्न.

"आज हरण्याचाच संभव जास्त. हरलो की लोक त्या पोराला वर्षभर सोडणार नाहीत. रीसची आई प्रत्येकाला उत्तर देत बसेल आणि पोरगं झुरेल. इमेल्डा कुणाला उत्तरच देत नाही."

"हं," नेल्डा म्हणाली.

संध्याकाळी मैदानाच्या बाकांवर अख्खं गाव आधी नेल्डाकडे बघत होतं, मग मैदानाकडे. जोलीन बिल्ला लावून, उशी काखेत मारून आली. नेल्डाने शेजारच्या जागेवर हात ठेवला आणि दोन ओळी खाली बसलेल्या इमेल्डाला हाक मारली.

"नेल्डा, ती जागा माझी आहे," जोलीन म्हणाली.

"आज नाही, जोलीन."

"माझं पोरगं धडधाकट आहे!"

नेल्डाला सांगता आलं असतं. पण चारशे माणसांत पोराचं लपवलेलं दुखणं उघडं करायचं आणि तेही त्याच्या आईला खोटं पाडून, हे तिला जमेना. ती फक्त सरकून बसली. जोलीन उशी घेऊन पार दुसऱ्या टोकाला गेली. इमेल्डा येऊन बसली, तिने पिशवीतून मक्याच्या पानात गुंडाळलेले तमाले काढले, एक नेल्डाला दिला आणि सामना संपेपर्यंत चकार शब्द काढला नाही.

आबेल पडला, उठला, पडला, उठला. सॉरेल वेल्स एका गुणाने हरलं. टकर बाजूला हेल्मेट हातात धरून उभा होता. वेंडेलने त्याला एकदाही आत पाठवलं नाही, टकरने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी अंगणात पाट्याच पाट्या होत्या. हॉलिसने तर नवीन रंगवून आणली होती. सगळ्या विटांच्या बाहेर, शिस्तीत. फक्त एक आत होती. वाफ्याच्या बरोबर मधोमध, खुंट वीतभर खोल.

नेल्डा पाटी उपटायला वाकली आणि तशीच राहिली. मऊ खतात येण्याजाण्याचे ठसे उमटले होते. उजव्या बुटाचा ठसा खोल, टाचेसकट. डाव्याचा नुसता चवडा, तोही टेकला न टेकलासा. पाटीपर्यंत असेच आणि परतही असेच. मग तिने पाटी उपटून आडवी टाकली, दाताळं आणलं आणि ठसे मोडून माती सारखी केली. वेंडेल कॉफीचा पेला घेऊन बाहेर आला तोवर एकही ठसा उरला नव्हता.

"आत कुणी लावली?" त्याने विचारलं.

"वाऱ्याने आत येऊन पडली असेल," नेल्डा म्हणाली. वारा नव्हता.

नाताळापर्यंत टकरचा गुडघा बरा झाला. त्यामुळे सिद्ध काहीच झालं नाही. उलट गाव म्हणायला लागलं, बघा, ठणठणीत होता पोरगा, कोचने उगाच बसवला. जोलीनने चर्चमध्ये बाक बदललं. जानेवारीत मंडळाने वेंडेलला नारळ दिला. लांबच्या एका गावात मदतनीस कोचची जागा मिळाली, मार्चच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं होतं.

सामान चढवायला संघाची पोरं आली. हीसुद्धा तिथली रीतच, काढलेल्या कोचचं सामान त्याच्याच पोरांनी चढवायचं. आबेलने एकट्याने खुर्च्या नेल्या. टकर न बोलावता आला. त्याने सोफ्याचं एक टोक धरलं आणि ओसरीच्या पायऱ्या उलट्या पावली उतरला. एक पाय एका पायरीवर, दुसरा दुसरीवर. नेल्डा दारात सुरी कागदात गुंडाळत उभी होती. तिने सगळ्या पायऱ्या पाहिल्या.

सोफा ट्रकमध्ये गेल्यावर टकर परत आला. हात खिशात.

"ती आतली पाटी माझी होती, बाई."

"मला माहीत आहे."

"कोचना?"

"त्यांच्याशी माझं फुटबॉलवर बोलणं होत नाही."

टकरने मान खाली घातली. त्याला काही म्हणायचं होतं, ते त्याच्या दोन वाक्यांच्या भांडवलात बसत नव्हतं. डोळे मात्र भरले होते. नेल्डाचेही भरले, म्हणून तिने कागद सोडला आणि सुरी त्याच्या हातात दिली.

"एप्रिलात इथून कोंब निघतील. तू खुंट ठोकलास तिथे कमी येतील, बाकीकडे येतील. वीतभर झाले की जमिनीलगत कापायचे. आईला नेऊन दे. नव्या बाईला आधीच सांगून ठेव, नाहीतर ती फवारेल."

"हो, बाई." त्याने सुरी उलटसुलट करून पाहिली. पात्याला एकही ओरखडा नव्हता. "कसे लागतात चवीला?"

"मला काय माहीत?" नेल्डा म्हणाली आणि ट्रकमध्ये चढली.