शेवटच्या घरातली माणसे

ती पांढरी गाडी आमच्या फाटकाशी थांबली होती, तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे.

हे पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले. मी चौथी शिकलेली, पण सगळा संसार पोलीस लाइनीत झाल्यामुळे खबर, जबाब, पंचनामा हे शब्द घरातलेच. कोरोनाच्या साथीत आम्ही ऑस्ट्रेलियात मुलाकडे अडकलो. तो सिडनीपासून फार लांब, एका सोलर प्लांटवर इंजिनिअर होता. मुलूख आपल्या दोन तालुक्यांएवढा आणि माणसे एका वाडीची. एकच रस्ता, गव्हाची उंच कोठारे, कोरडी नदी, आणि पुढचे गाव तासाभराच्या अंतरावर.

नव्या ठाण्यावर गेले की ह्यांचे पहिले काम उंबरे मोजणे. इथेही त्यांनी वही केली. प्रत्येक घर, दिशा, माणसे किती. मुलगा म्हणाला, "बाबा, इथे असं लोकांच्या घरात डोकावत नाहीत. प्रायव्हसी असते." हे म्हणाले, "डोकावत नाही रे. बीट फिरतोय." पुढे गावातल्या दुकानाच्या दुकानदारीणबाईंना ती वही दाखवून आले. त्या कौतुकाने हसल्या, याचा ह्यांना केवढा अभिमान.

खबर त्या बाईंकडूनच आली. नदीकडच्या शेवटच्या घरातला म्हातारा विधुर एकटा, पण दूध दुप्पट नेतो. सिडनीचे कोणीतरी रोग घेऊन लपले असणार, असे गावात बोलू लागले. मंगळवारी कचऱ्याचे डबे रस्त्यावर येत. त्याच्या लाल झाकणाच्या डब्यात कचरा इतका, की झाकण बसत नव्हते.

हे मास्क लावून त्याच्या कुंपणाशी गेले. मोडक्या इंग्रजीत विचारले, एकटेच का? तो म्हणाला, एकटाच. मग डॉक्टरांनी दूध सांगितलेय, भूक वाढलीय, घर साफ करतोय, असे बरेच सांगितले.

"खोटं बोलतोय," हे घरी येऊन म्हणाले. "मी एक विचारलं, त्याने पाच सांगितली. इथल्या हवालदाराला कळवायला हवं."

मला त्याची कपड्यांची दोरी आठवत होती. आधी तिच्यावर एक सदरा कसाबसा लोंबायचा. आता रस्त्याच्या बाजूला चादर पसरलेली आणि तिच्या आड लहान मोजे. लाइनीत आम्ही बायका आतले कपडे असेच साडीआड वाळवत होतो. दुसऱ्या दिवशी शिऱ्याचा डबा नेऊन त्याच्या फाटकावर ठेवला आणि लांब उभी राहिले. एक तरुण बाई तो घ्यायला आली. बाही वर सरकली, तर हातावर वळ. तसे वळ मी ठाण्याच्या बाकावर बसलेल्या बायांच्या हातांवर पाहिले होते.

मी सहसा ह्यांच्या कामात बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "अहो, रोग नाही लपवलेला. मार चुकवून आलेली पोर आहे. पदरी मूल आहे."

ह्यांनी वही काढली. त्या घरापुढे लिहिले, बाई एक, मूल एक. "नोंद ती नोंद," म्हणाले. हवालदाराला मात्र कळवले नाही.

चार दिवसांनी ती गाडी आली. गाडीतल्या माणसाला दुकानदारीणबाईंनीच पाठवले होते, त्या इंडियन गृहस्थांना गावातले घरन् घर माहीत आहे म्हणून. माणूस गोड बोलत होता. बायको डोक्याने बरी नाही, मुलाला घेऊन गेली, तिची मावशी या भागात राहायची, एवढेच ठाऊक आहे. त्याने फोटो पुढे केला. तीच ती बाई.

ह्यांनी उलट विचारायला सुरुवात केली. कुठून आलात? साथीत लागणारा प्रवासाचा परवाना? एका प्रश्नाला त्याची पाच उत्तरे. वही ह्यांच्या हातात होती. मी दारात उभी होते.

शेवटी त्याने नदीकडे बोट दाखवून विचारले, तिथे कोण राहते?

"वन. ओल्ड मॅन," हे म्हणाले. आणि एक शब्दही जास्त नाही.

गाडी गेल्यावर त्यांनी मुलाकडून हवालदाराला फोन करवला, गाडीचा नंबर सांगितला आणि त्या बाईची हकिगतही. हवालदाराने गाडी पुढच्या गावाच्या नाक्यावर अडवली. परवाना नव्हताच. तिचा जबाबही त्याने रीतसर घेतला. म्हाताऱ्याची मेलेली बायको हीच तिची मावशी.

मग ह्यांनी वहीतले ते पान फाडले. पोलिसाने नोंदीचे पान फाडलेले मी प्रथमच पाहिले.

"इतकी वर्षं माणसं टिपली," ते म्हणाले, "पण टिपलेलं कुणाच्या हाती पडेल, हा विचार कधी केला नाही. कौतुक करून घ्यायला मीच दुकानात दाखवत होतो."

मी स्वयंपाकघरात गेले. शिरा जास्त केला होता. डबा भरून त्यांच्या हातात दिला. ते स्वतः नदीकडे निघाले. वही टेबलावरच राहिली.