चार घरं आडवी, तीन उभी

वडगावच्या दुर्गाक्का आमच्या खडेबाजारातल्या दुकानात पहिल्यांदा आल्या, तेव्हा मला वाटलं नातवाच्या बारशाची पत्रिका छापायची असेल. आमचं दुकान त्याच कामाचं. पत्रिका, बॅनर, पुढाऱ्यांचे वाढदिवस. मी नमुन्यांचा गठ्ठा काढला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

"पत्रिका नको. त्या कंप्यूटरात रेघ मारायला शिकीव."

वय बावन्न, शिक्षण सातवी, चष्म्याच्या दांडीला जरीचा धागा बांधलेला. तीस वर्षं त्यांनी नवऱ्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, तुटलेले धागे जोडले, साड्यांच्या घड्या घातल्या. काठांची चित्रं काढायचे परशराम मास्तर, आलेखाच्या कागदावर, पेन्सिलीनं. मास्तर मुलाकडे पुण्याला गेले आणि चित्रं बाहेरगावाहून तयार यायला लागली. दुर्गाक्कांना ते सोसेना.

"इणायचं आमी, आणि काढायचं कुणी, तर ज्यानं जन्मात माग बघिटला न्हाय त्यानं. व्हय रं?"

माझं नाव आदर्श. ठेवणाऱ्यांची हौस, दुसरं काय. दहावीला भूमितीत कसाबसा सुटलो होतो. पण कोरलड्रॉ मला येतं, आणि ज्याला येतं त्याला खडेबाजारात मास्तर म्हणतात. पहिल्या आठवड्यात आक्का माऊस टेबलाच्या कडेपर्यंत नेऊन थांबायच्या आणि म्हणायच्या, "आता फुडं जागा न्हाय." उचलून परत मागं ठेवायचा असतो, हे सांगताना मी हसलो. तीन महिन्यांनी त्या माझ्यापेक्षा सफाईनं रेघा मारायला लागल्या. मग मी हसायचं बंद केलं.

निपाणीच्या अरिहंतशेठनी साड्यांचं नवं दुकान काढलं होतं. त्यांना आपल्या आईच्या लग्नातल्या साडीचा काठ आक्कांच्या मागावर पुन्हा विणून हवा होता. काठावर देवळाच्या शिखरांची रांग, आणि प्रत्येक शिखराचं टोक बरोबर काटकोनात. मागावर काठ उभा चालतो, म्हणून तिथं आणि आमच्या पडद्यावरही ही शिखरं आडवी निजलेली, टोकं साडीच्या अंगाकडे. अरिहंतशेठ एरवी चित्र बाहेरच्या डिझायनरकडून घेत. या खेपेला आक्का आडव्या आल्या.

"चित्र मी काढनार."

शेठ हसले. माणूस वाईट नाही, पण हसले. "बरं, आक्का. एक नमुना विणून दाखवा. जमला तर आमच्या दुकानाचे सगळे काठ तुम्हीच काढा. नाही जमला तर तुम्ही फक्त विणा. मग चित्राचं नाव काढायचं नाही."

"ठरलं," आक्का म्हणाल्या.

मी लगेच मास्तरकी दाखवली. टोक काटकोनात हवं, म्हणजे त्याची प्रत्येक बाजू आडव्यापासून पंचेचाळीस अंशांत. कंट्रोलची कळ दाबून रेघ ओढली की ती पंधरा-पंधरा अंशांच्या टप्प्यानंच वळते. तीस, मग पंचेचाळीस. चुकायला वावच नाही. पडद्यावरचं एक घर म्हणजे कापडातला एक धागा, असं धरून आम्ही रांग काढली. फाईल मागाचे पुठ्ठ्याचे पत्ते पाडणाऱ्याकडे गेली, चित्राप्रमाणे भोकं पडलेले पत्ते मागावर चढले आणि वीतभर नमुना विणून आमच्या दुकानात आला.

तम्मण्णा, म्हणजे आक्कांचे यजमान, तो नमुना बघून म्हणाले, "ही देवळं न्हवंत. झोपड्या हाईत."

शिखरं खरंच बसकी झाली होती. अरिहंतशेठनी खिशातलं स्वतःचं कार्ड काढून त्याचा कोपरा एका टोकावर ठेवला. दोन्हीकडनं कापड बाहेर डोकावत होतं. ते हळूच म्हणाले, "राहू द्या, आक्का."

मी पडद्यावरचा कोन पुन्हा मोजला. पंचेचाळीस, तसूभरही इकडं तिकडं नाही. "कंप्यूटर बरोबर आहे," मी म्हटलं. "मागातच काहीतरी गडबड आहे."

तीस वर्षं मागापाशी काढलेल्या बाईला हे मी सांगितलं. आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी चहा आणायला गेलो.

परत आलो तेव्हा त्या नमुन्यावर भिंग ठेवून सुईच्या टोकानं धागे मोजत होत्या. "आडवं मोजलं तर इंचात ऐंशी. उभं मोजलं तर साठ. तुझी घरं कशी हाईत?"

"चौकोनी."

"माझी न्हाईत. माझं घर अरुंद हाय आणि उंच हाय. तुझ्या चौकोनातली तिरकी रेघ माझ्या घरात गेली की आडवी आखडती आणि उभी वाढती. मग आडवं निजलेलं टोक फाकनार न्हाय तर काय हुईल?"

त्यांनी पत्रिकेच्या मागं पेन्सिलीनं घरं काढली. चार घरं आडवी, तीन घरं उभी. "ऐंशीला साठ, तशी चाराला तीन. कापडावर दोन्ही सारखी भरत्यात. आता ही रेघ मार."

मी कंट्रोल दाबली. रेघ तीसवर गेली, नाहीतर पंचेचाळीसवर. मधल्या कुठल्याही अंशाला ती ऐकेना.

"ती कळ सोड की."

सोडली. चार घरं, तीन घरं, टोकाला टोक जुळवलं आणि कोन मोजला. छत्तीस पूर्णांक सत्त्याऐंशी. असला कोन आमच्या शाळेत कुणी शिकवला नव्हता.

पडद्यावर शिखरं सुयांसारखी दिसायला लागली. मी मूर्खासारखा त्याचा फोटो शेठना पाठवला. लगेच फोन.

"आदर्श, ह्या सुया आहेत. विणू नका म्हणावं. मी डिझायनरला सांगून टाकतो."

आक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला. "शेठ, तुमच्या बायका मोबाईल नेसत्यात काय? मग कापड बघून बोला. सूत माजं, माग माजा. बुधवारी या. कार्ड तेवढं आणा."

फोन ठेवल्यावर तम्मण्णा म्हणाले, "दुसऱ्यांदा बी फसलं तर तोंड कुठं लपवशील?"

"लपवायला दिलंय व्हय तोंड?"

बुधवारी मीही वडगावला गेलो. काम होतं म्हणून नव्हे. माग थांबवला, खटखट बंद झाली आणि आक्कांनी नवा काठ उजेडाकडे ओढला. अरिहंतशेठनी कार्डाचा कोपरा पहिल्या टोकावर ठेवला. बसला. दुसऱ्यावर ठेवला, बसला. ते वाकून पाचव्या, सातव्या टोकापर्यंत गेले. कुठंच धागा डोकावला नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि कार्ड खिशात घालताना सहज पुढं बोलले, "फाईल तेवढी आमच्या डिझायनरला पाठवा. बाकीचे काठ तो याच पद्धतीनं करेल."

तम्मण्णांनी मान डोलावलीसुद्धा होती. आक्का हलल्या नाहीत.

"ठरलं काय हुतं?"

"तसं ठरलं होतं, पण..."

"पन न्हाय. जमलं तर काठ मी काढनार, आसं तुमी बोललासा. जमलं. फाईल कुटं जानार न्हाय. तुमच्या डिझायनरला शिकायचं आसंल तर म्हनावं इकडं ये. आदी चार दिस धागे मोज."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शेवटी त्यांनी मोबाईल काढला आणि आईच्या दुसऱ्या साडीचा फोटो आक्कांपुढं धरला. त्यावर मोर होते.

"मोर जमंल," आक्का म्हणाल्या. "पन सूत कंचं वापरनार, ते आदी सांगा. सुतागणिक घर बदलतंय."

आता आक्का रोज दुपारी आमच्या दुकानात खिडकीजवळच्या खुर्चीवर बसतात. पत्रिकेला आलेलं गिऱ्हाईक पडद्याकडे बघून मला हळूच सांगतं, "अहो, ते वाकडं झालंय." आधी मी ऐंशी आणि साठ समजावून द्यायचो. एकदा आक्कांनी मान न वळवता मला थांबवलं.

"समजावू नको. त्याची बायको नेसंल तवा बघंल."