रघूचा नमस्कार

त्रिलोकेकर साहेबांनी आयुष्यात एकदा दाढ काढून घेतली, तीही भूल न घेता. ही गोष्ट मी चाळीस वेळा तरी ऐकली असेल. डॉक्टर घामाघूम झाला, नर्सने तोंड फिरवलं, आणि साहेब म्हणे वर फिरणारा पंखा बघत बसले होते. आमच्या गिरगावातल्या बिल्डिंगमध्ये नवीन बिऱ्हाड आलं की त्यांना आधी पाण्याची वेळ कळते आणि मग ही दाढ कळते. मी एकदा विचारलं होतं, भूल का नाही घेतली. तर म्हणाले, "कालिंदीबाई, आमच्या घराण्यात कण्हायची पद्धत नाही." घ्या. कुणाच्या घराण्यात चैत्रात डाळ वाटायची पद्धत असते, यांच्या घराण्यात ही.

वीरेंद्र त्रिलोकेकर, वय बहात्तर, बँकेच्या मुख्य कचेरीतून निवृत्त. पणजोबांच्या नावावर अर्धी गल्ली होती म्हणतात. आता दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि एक शिसवी देव्हारा उरलाय, पण साहेब चालतात अजून गल्लीच्या मधोमध. माणूस वाईट नाही हो. कधी कुणाला शिवी दिली नाही, कुणाच्या दारात कचरा टाकला नाही. फक्त सोसण्याची सर्टिफिकेटं वाटायचा शौक भारी. पहिला नंबर अर्थात स्वतःला, आणि दुसरा रघूला. रघू म्हणजे त्यांचा कुत्रा, नऊ वर्षांचा, अर्धा लॅब्रॅडॉर आणि अर्धा खोताच्या वाडीतला.

मी त्यांच्या समोरच्या खोलीत राहते. दादरला जनावरांच्या एका दवाखान्यात पंचवीस वर्षं ड्रेसर होते, म्हणजे जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची आणि मालकांची अक्कल ऐकून घ्यायची. शेवटचं काम सगळ्यात कठीण. "मांजर खात नाही हो, रुसलीय." रुसलीय कसली, जबड्यात पू झालाय. "आमचा टायगर म्हातारपणी फार समजूतदार झाला, सोफ्यावर चढतच नाही." समजूतदार झाला नाही, त्याचे खुबे गेलेत. एका शिकलेल्या बाईने मांजरीला आपली तापाची गोळी दिली, प्रेमाने, दुधातून. ती मांजर दुसऱ्या दिवशी माझ्या हातात गेली. जनावर दुखलं की ओरडतं, असं या लोकांना वाटतं. अरे, ओरडून भागलं असतं तर मला पंचवीस वर्षं पगार कुणी दिला असता?

तर हा रघू. त्याच्या जेवणाचा थाट राजासारखा. संध्याकाळी सहाला साहेब स्वतःच्या हाताने तूपभात कालवायचे, वर मटणाची चरबी. सातला देव्हाऱ्यापुढे आरती. मागच्या वर्षी एका संध्याकाळी घंटी वाजली, आणि रघू उठला, पुढचे दोन्ही पाय लांब पसरले, छाती जमिनीला टेकवली, डोकं पायांत घातलं आणि मागचा भाग वरच ठेवून तसाच राहिला. साहेबांनी ओवाळता ओवाळता आत हाक मारली. "सुमती, बघ. नमस्कार करतोय."

सुमतीवहिनी म्हणजे त्यांची बायको. साहेब बाहेरच्या खोलीतून बोलायचे आणि त्या स्वयंपाकघरातून हो म्हणायच्या, असा त्यांचा संसार. तेव्हाही त्या हो म्हणाल्या.

मला कौतुकाने बोलावून दाखवलं. मी दोन मिनिटं उभी राहून बघितलं. कुत्रं खेळायला बोलावताना असंच वाकतं, पण क्षणभर, आणि शेपूट नाचत असते. याची शेपूट खाली गेलेली, कान मागे, भुवया आवळलेल्या, ओठ सारखे चाटतोय. मी म्हटलं, "साहेब, याच्या पोटात दुखतंय. पोटाला ताण दिला की बरं वाटतं, म्हणून असा वाकतो. याला डॉक्टरला दाखवा, आणि ते तूप आधी बंद करा."

साहेब माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी देव्हाऱ्यात चप्पल ठेवली. "कालिंदीबाई, तुम्ही पंचवीस वर्षं जनावरांत काढलीत. थोडी देवात काढली असतीत तर तुम्हाला कळलं असतं."

"साष्टांग नमस्कारात ढुंगण वर नसतं, साहेब," मी म्हटलं. तोंडाची फटकळ आहे मी, सगळ्या गिरगावाला माहीत आहे. त्यानंतर महिनाभर साहेब माझ्याशी बोलले नाहीत.

इथे थांबलं असतं तरी बरं. पण तिसऱ्या मजल्यावरचा उन्मेष आहे ना, जाहिरात कंपनीत आहे, दिवसभर मोबाईलला मुलासारखं कडेवर घेऊन फिरतो. त्याने रघूचा व्हिडिओ काढला आणि सोडला. झालं. आठवड्यात जिन्यावर चपलांचा ढीग. ठाकूरद्वारच्या बायका, दादरच्या बायका, कुणी नातवाला पाया पडायला घेऊन आलंय, कुणी नवी गाडी घेतली म्हणून. आणि प्रत्येकाच्या हातात पेढे. रघू वाकला की लोक पेढा भरवणार, पेढा पोटात गेला की कळ येणार, कळ आली की रघू वाकणार, आणि वाकला की पुन्हा पेढा. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, इथे तर दुखणाऱ्यालाच दुखण्याचा नैवेद्य. एवढे शिकलेले लोक, एकालाही घड्याळ दिसलं नाही. सहाला चरबी आणि सातला भक्ती.

कधी रघू दिवसभर खायचा नाही. तेव्हा साहेब बाहेर येऊन सांगायचे, आज याने उपवास धरलाय. तो सकाळी गॅलरीत ओकलेला असायचा, आणि ते वहिनी पुसायच्या. मी साहेबांना पुन्हा दोनदा सांगितलं. एकदा हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, "असेल थोडं दुखत. तक्रार करतोय का तो? मग आपण कोण करणार?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो रोज सगळ्यांसमोर वाकून तक्रारच करत होता, आणि तुम्ही टाळ्या पिटत होतात.

गेल्या पौषातली संकष्टी. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. आरती सुरू झाली, रघू वाकला. लोकांनी हात जोडले. आरती अर्ध्यावर आली, तो तसाच. मग त्याचे मागचे पायही मोडले आणि तो एका अंगावर कोसळला. गर्दीतून एक बाई म्हणाली, "समाधी लागली." मी तिला कोपराने बाजूला सारून आत गेले. तोंड उघडून बघितलं, हिरड्या कोरड्या ठाक. पोटाला हात लावला तर फळीसारखं घट्ट, आणि हात लागताच त्याने माझं मनगट दातांत धरलं. चावला नाही बिचारा, नुसतं धरलं.

"टॅक्सी बोलवा. हा आज दवाखान्यात पोचला नाही तर उद्यापर्यंत राहणार नाही."

साहेबांच्या हातात निरांजन. "आरती अर्धी सोडून उठायचं नसतं, कालिंदीबाई."

त्या खोलीत त्या घडीला जनावराची बाजू घेणारं कुणी नव्हतं असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. पण वहिनी आतून आल्या. पलंगावरची चादर ओढली, रघूशेजारी अंथरली, आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी त्याला चादरीवर घेतलं, दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. तीस किलोचं धूड. जिन्याच्या प्रत्येक वळणावर वहिनी थांबत होत्या, भिंतीला टेकत होत्या. मी वैतागले. "चला वहिनी, वेळ नाहीये," असं दोनदा खेकसले त्यांच्यावर. त्या चालत राहिल्या. उन्मेषने टॅक्सी थांबवली, तेवढं पुण्य त्याच्या खात्यावर.

दादरच्या दवाखान्यात आता डॉक्टर मनवा आहे, माझ्या देखत शिकाऊ म्हणून आलेली पोर. रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. तुपाने आणि चरबीने स्वादुपिंड चांगलंच सुजलेलं. सलाईन लावलं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. पाऊण तास गेला असेल. रघूच्या भुवया हळूहळू सैल पडल्या. मग त्याने एक लांब श्वास सोडला, चारी पाय पसरले आणि कुशीवर गाढ झोपला.

साहेब आले ते आरती, मंत्रपुष्पांजली, सगळं आटपून. टेबलाजवळ उभे राहिले. "हा असा झोपतो?"

"दोन वर्षांपूर्वी झोपायचा," वहिनी म्हणाल्या. "हल्ली बसूनच रात्र काढायचा."

"पण तो कधी ओरडला नाही."

मनवा माझ्यापेक्षा सभ्य आहे. "ओरडणं सगळ्यात शेवटी येतं, काका. त्याच्या आधी जनावर दुसरं सगळं करून बघतं. खाणं सोडतं, जिना सोडतं, झोपायची पद्धत बदलतं. वाकतं. तुम्ही इंजेक्शनच्या आधी आणि नंतर त्याचा चेहरा बघायला हवा होता." साहेबांनी रघूच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बोलायला पुष्कळ होतं, पण पडलेल्याला लाथ मारायची माझी सवय नाही.

चार दिवसांनी रघू घरी आला. तूप बंद, चरबी बंद, पेढा तर दाराबाहेर. उकडलेली कोंबडी, कातडी काढून, आणि भात, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. मनवाने गोळ्या दिल्या आणि छापलेला कागद दिला. रोज संध्याकाळी बघायचं: जेवला का, कुशीवर झोपला का, जिना चढताना मध्ये थांबला का, दुखऱ्या जागी हात लावू दिला का, आपणहून जवळ आला का. आणि त्यावरून शून्य ते दहा असा दुखण्याचा आकडा टाकायचा. आकडा उतरेल तशी गोळी कमी. साहेबांनी कागद बघून वहिनींकडे दिला. आयुष्यभर दुसऱ्याने भरलेल्या कागदांवर सही करायची सवय, जाते कुठे.

रघूचा नमस्कार थांबला. घंटी वाजली की तो एक कान हलवायचा आणि परत झोपायचा. लोक आठवडाभर आले, बघून गेले, मग यायचे थांबले. एक बाई जिन्यात मला म्हणाली, "कुत्र्यातला देव निघून गेला हो." मी म्हटलं, "देव कुठे जाणार, बाई? कळ गेली." ती माझ्याशी बोलायची बंद झाली. चला, जिन्यात तेवढीच शांतता.

पंधराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी आकडे घ्यायला गेले. मनवाला फोन लावला, स्पीकरवर टाकला. साहेबांनी हौसेने कागद घेतला, चष्मा लावला, आणि कचेरीत वाचायचे तसे वाचू लागले. "पहिला दिवस, सहा. दुसरा, सहा. तिसरा, पाच." रघू त्यांच्या पायाशी कुशीवर पसरलेला. आकडे उतरत गेले, चार, तीन, दोन, आणि शेवटचे चार दिवस एक. साहेबांचा चेहरा असा फुलला की जणू पोराचा निकाल लागलाय. मग ते थांबले. "ही खाली पेन्सिलीने दुसरी ओळ आहे. सात, सात, आठ, सात, आठ. ही तर उतरतच नाहीये."

मला वाटलं सकाळचे आकडे असतील. मी आत हाक मारली, "वहिनी, हे सकाळचे का?"

वहिनी ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. "नाही गं. ते रघूचे नाहीत."

"मग कुणाचे?" साहेबांनी विचारलं.

"माझे."

लाटणं थांबलं नव्हतं. पोळी उलटून त्या म्हणाल्या, "कमरेपासून खाली पोटरीपर्यंत कळ जाते. चार वर्षं झाली असतील. कागदावर विचारलं होतं ना, कुशीवर झोपता येतं का, जिन्यात थांबावं लागतं का. रघूचं लिहून झालं की वाटायचं, हे आपल्यालाही लागू आहे. म्हणून लिहीत गेले."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

वहिनींनी खरंच आठवून बघितलं. "विचारलं नाही कुणी," त्या म्हणाल्या, अगदी साधेपणाने.

मला साहेबांवर तोंड सोडायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण कुठल्या तोंडाने? मुक्या जनावरांच्या भुवया वाचल्याचा तोरा मिरवणारी मी, समोरच्या दारात चार वर्षं ही बाई एका पायावर भार टाकून उभी राहते आणि मला दिसत नाही. वर तिच्या हातात तीस किलोचं ओझं देऊन जिन्यात तिच्यावरच खेकसते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मीच. मला माझीच लाज वाटली.

फोनमधून मनवा म्हणत होती, "कालिंदीताई, ती दुसरी ओळ कुणाची?" मी फोन बंद केला.

साहेब उठले आणि स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद करायला हात घातला, तर बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आधी मोठा केला, मग बंद केला. बाहेरची खुर्ची उचलून ओट्याशी आणून ठेवली.

"आजचा आकडा किती?" त्यांनी विचारलं.

वहिनी पिठाचे हात तसेच धरून उभ्या होत्या. "आठ," त्या म्हणाल्या, आणि ओट्याला धरून हळूहळू खुर्चीवर बसल्या.